निळी दुपार

नातीच्या, मेव्हच्या, पहिल्या कम्युनियनचा, म्हणजे चर्चमध्ये पहिला पवित्र प्रसाद घेण्याचा दिवस आणि रग्बीच्या युरोपियन कपची फायनल एकाच शनिवारी यावी, यात देवाचा हात नसून कुणातरी डब्लिनवाल्याचा आहे, असं फेस्टी मॅनियनचं ठाम मत होतं. चर्चमधून घरी येईपर्यंत त्याने ते बायकोला पुन्हा पुन्हा ऐकवलं आणि डेलियाने दर वेळी नुसतं "बरं" म्हटलं. हॅम आदल्या दिवशीच उकडून ठेवलं होतं, बटाट्याचं सॅलड मोठ्या भांड्यात झाकलेलं होतं, आणि मागच्या अंगणात भाड्याने आणलेला हवेचा किल्ला सकाळपासून घों घों करत उभा होता. नात पांढऱ्या झग्यासकट, डोक्यावरची जाळी सांभाळत, गाडीतून उतरली ती थेट त्या किल्ल्यात शिरली. तिला कुणी अडवलं नाही, कारण मोठ्या माणसांपुढे त्याहून अवघड प्रश्न होता. टीव्हीसमोर कुणी कुणाशेजारी बसायचं?

आयर्लंडचे प्रांत चार. त्यातले तीन दर वर्षी युरोपच्या मोठ्या स्पर्धेत जायचे आणि चौथा, म्हणजे मॅनियन मंडळींचा कॉनॉट, दर वर्षी धाकट्या स्पर्धेत दिवस काढायचा. मात्र नियमात एक फट होती. आयर्लंडच्या एखाद्या संघाने तो कपच जिंकला, तर देशाला एक जागा जास्त मिळायची आणि ती आपोआप चौथ्याच्या पदरात पडायची. आज वेल्समध्ये कार्डिफला फायनल होती, त्यात लेन्स्टर, म्हणजे डब्लिनचा प्रांत, आणि समोर इंग्लंडचा एक क्लब. डब्लिनचे निळे जिंकले तर कॉनॉट पहिल्यांदा युरोपात जाणार, हरले तर नाही. समजायला हे सोपं होतं, पण गिळायला फार जड.

फेस्टीला तर फारच. गॉलवेतल्या कॉनॉटच्या मैदानाचं फाटक उघडण्यात, शर्यतीच्या कुत्र्यांची धावपट्टी ओलांडून प्रेक्षकांना बाकांपर्यंत नेण्यात आणि साचलेलं पाणी झाडूने बाहेर लोटण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. डब्लिनच्या मोठ्या लोकांनी कॉनॉटचा संघच बंद करायचं मनात घेतलं, त्या हिवाळ्यात तो डेलियाला घेऊन राजधानीच्या रस्त्यांवर मोर्चात चालला होता. संघ वाचला. पण परतीच्या बसमध्ये फेस्टीने सगळ्यांदेखत शपथ घेतली, की निळ्या जर्सीसाठी आपल्या तोंडून एकही चांगला शब्द निघणार नाही. त्यानंतर दोनच वर्षांत त्याच्या पोरीने, शिनेडने, लेन्स्टरवाल्याशी लग्न केलं.

जावई तसा वाईट नव्हता. ह्यूगो दातांचा डॉक्टर होता, बायकोच्या हट्टाखातर डब्लिन सोडून अ‍ॅथेनरायला आला होता आणि अर्ध्या गावाची तोंडं त्याने आतून पाहिली होती. फेस्टीची आणि त्याची चेष्टामस्करीही चालायची. ती बंद पडली गेल्या नाताळात.

या लोकांचा एक रिवाज आहे. सामन्यात कुणी दोन खांबांमधून किक मारायला उभा राहिला की सगळं मैदान चिडीचूप होतं, मग तो आपला असो नाहीतर समोरचा. पोरं खोकला दाबून धरतात. नाताळच्या आठवड्यात लेन्स्टर गॉलवेला खेळायला आला, सामना एका गुणावर येऊन ठेपला आणि शेवटची किक कॉनॉटची होती. मैदान गपगार. त्या शांततेत ह्यूगोच्या कोटाच्या खिशातून बदकं ओरडली. मेव्हने बापाच्या फोनवर तो आवाज लावून ठेवला होता, आणि फोन करणाऱ्या बाईच्या दातातलं सिमेंट निघालं होतं. किक मारणारा दचकला, चेंडू खांबाला लागून परत आला आणि कॉनॉट हरला. तेव्हापासून फेस्टी जावयाशी एक शब्दही थेट बोललेला नव्हता. ईस्टरच्या जेवणातसुद्धा त्याने "डेलिया, त्या माणसाला विचार, आणखी मटण हवंय का" असंच विचारलं होतं, आणि तो माणूस हाताच्या अंतरावर बसला होता. ह्यूगोही 'फेस्टी' म्हणायचा तो मुकाट्याने 'मिस्टर मॅनियन'वर आला.

आज लांब सोफ्यावर फेस्टी बसला आणि त्याच्या शेजारी त्याची थोरली बहीण सबीना. सबीना लिमरिकला दिलेली, म्हणजे मन्स्टर प्रांतवाली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्याचं लेन्स्टरशी असलेलं वैर तिने घरातल्या भांड्यांसारखं घासून पुसून जपलं होतं. ह्यूगो दाराजवळच्या लाकडी खुर्चीवर बसला. शिनेडने त्याला कोटाची सगळी बटणं लावायला लावली होती, पण गळ्यापाशी निळी जर्सी डोकावत होतीच. शिनेड स्वतः बापाच्या आणि नवऱ्याच्या बरोबर मध्ये गालिच्यावर बसली. आणि रोनन, फेस्टीचा मुलगा, भिंतीला टेकून उभा राहिला. त्याची मान इतकी जाड होती की चर्चमध्येही त्याला टाय बांधता आला नव्हता. तो तेरा वर्षं कॉनॉटच्या स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघांचे गडी वाकून एकमेकांना रेटतात त्यात, पहिल्या फळीत खेळत होता आणि या उन्हाळ्यात त्याचा करार संपत होता.

"फेस्टी, आज आपण दोघं इंग्रजांच्या बाजूनं," सबीना म्हणाली. "आपल्या बापानं हे पाहिलं असतं तर कबरीत उलटा झाला असता, पण इलाज नाही."

"मी कुणाच्याच बाजूनं नाही. मी नुसता बघतोय."

एवढ्यावर निभावलं असतं. पण ह्यूगो मुळातच गप्प बसणाऱ्यांतला नव्हता आणि त्याला वाटलं, एवढ्या चांगल्या दिवशी थोडी गंमत चालून जाईल.

"म्हणजे आज तुम्ही सगळे आमच्या पाठीवर बसून युरोपात येणार तर," तो हसत म्हणाला.

कुणीच हसलं नाही. शिनेडने डोळे मिटून घेतले.

"डेलिया," फेस्टी टीव्हीकडे बघत म्हणाला, "त्या माणसाला सांग, कॉनॉटला कुणाच्या पाठीवर बसायची सवय नाही. मिळवून जाऊ, नाहीतर घरी बसू. उष्टी जागा आम्हाला नको."

सबीनाने भावाच्या गुडघ्यावर शाबासकीची थाप मारली. शिनेडने बापाची बाजू घ्यावी की नवऱ्याची या विचारात दोघांनाही दटावलं. नियम म्हणजे नियम, मिळतंय ते घ्यावं, असं तिचं म्हणणं. सबीनाचं म्हणणं असं, की मन्स्टरने जे मिळवलं ते रक्त आटवून मिळवलं, वाटणीत नाही. त्यावर डेलियाने स्वयंपाकघरातून विचारलं की चहा कुणाकुणाला, आणि वाद तात्पुरता चहावर थांबला. रोनन कधी बाहेर निघून गेला ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

पहिल्या अर्ध्यात इंग्रजांनी निळ्यांना लोळवलं. प्रत्येक स्क्रमला लेन्स्टरचे गडी मागे रेटले जात होते, आणि इंग्रजांनी चेंडू रेषेपार टेकवून तीन ट्राय केल्या होत्या. सबीनाच्या गालांवर लाली चढली. ह्यूगोच्या कोटाचं एकेक बटण उघडत गेलं आणि शेवटी त्याने कोट काढून मांडीवर घेतला. फेस्टीला खरं तर आनंद व्हायला हवा होता. निळे मार खात होते, जावयाचं तोंड पडलं होतं, हॅमही उत्तम झालं होतं. पण हॅम काही घशाखाली उतरेना. मध्यंतराची शिट्टी झाली तेव्हा डेलियाने त्याच्या हातातली भरलेली ताटली काढून घेतली आणि किल्ल्याची हवा जातेय का ते बघून यायला सांगितलं. हवा जात नव्हती हे तिला ठाऊक होतं.

किल्ल्याच्या उंबऱ्यावर रोनन बसला होता. त्याच्या वजनाने पुढची बाजू पार जमिनीला टेकली होती आणि आत मेव्ह त्या उतारावरून पुन्हा पुन्हा घसरत मामाच्या पाठीवर येऊन आदळत होती.

"किती झाले?" रोननने विचारलं.

"मागे आहेत. बरेच." फेस्टी त्याच्या शेजारी बसला, तसा किल्ला आणखी खचला. "तू आत का येत नाहीस?"

 रोनन म्हणाला, "डॅडी, ते तुमचं, मिळवून जाऊ नाहीतर घरी बसू. घरी कोण बसणार? तुम्ही तर तसेही घरीच बसणार आहात. घरी बसणार मी."

फेस्टी त्याच्याकडे वळून बसला.

"बॅलिनस्लोच्या शाळेनं खेळाचा मास्तर म्हणून बोलावलंय. सोमवारी सांगायचंय. क्लब म्हणतो, युरोप असेल तर आणखी एक वर्ष थांब, जुनी माणसं लागतील. नसेल तर तरुणांना घेऊ. आणि बरोबरच आहे त्यांचं."

"हे मला बोलला नाहीस कधी."

"तुम्ही मोर्चाच्या गोष्टी सांगत होतात." तो हसला, त्यात राग नव्हता. "मी तेरा वर्षं त्या चिखलात डोकं खुपसलं. एकदा फ्रान्सला, टुलूझला जायचंय मला. त्यांच्या पहिल्या फळीसमोर एकदा वाकायचंय, मग त्यांनी उचलून फेकलं तरी चालेल. पुढच्या दारानं नेलं की मागच्या, ते मी विचारणार नाही."

 इतकी वर्षं कॉनॉट म्हणजे त्याचा पाऊस, त्याचा झाडू, त्याची शपथ होती. त्यात मान मुरगळून घेणारा हा पोरगा आहे, दर सोमवारी जिना उतरताना कठडा धरणारा हा पोरगा आहे, हे त्याला ठाऊक होतं, पण लक्षात कधी आलं नव्हतं. त्याला पोराची फार माया आली आणि स्वतःचा तितकाच राग आला. त्याने रोननच्या मानेवर हात ठेवला आणि तिथेच राहू दिला.

"चल आत," तो शेवटी म्हणाला. "चौथी ट्राय खाल्ली तर मी तुझ्या आत्याच्या तोंडाकडे एकटा बघू शकणार नाही."

दोघं उठले, तसा किल्ला उसळून वर आला आणि मेव्ह मागच्या भिंतीवर जाऊन आपटली. ती हसत हसत ओरडली, की पुन्हा करा.

आत येऊन फेस्टी सोफ्याकडे गेला नाही. त्याने कोपऱ्यातलं स्टूल उचललं आणि दाराजवळ, जावयाच्या खुर्चीपासून वीतभर अंतरावर ठेवलं.

"कुठे निघालास?" सबीनाने विचारलं.

"तिथून खांब नीट दिसत नाहीत."

"याच सोफ्यावरून तू पंचवीस वर्षं खांब बघतोयस."

फेस्टीने ते ऐकलंच नाही. ह्यूगोने एकदा सासऱ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. शिनेडने त्याला डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा तो गप्प राहिला.

मध्यंतरात लेन्स्टरच्या गड्यांना कुणी काय खाऊ घातलं देव जाणे, पण परत आली ती वेगळीच माणसं. स्क्रम आता इंग्रजांच्या अंगावर कोसळत होता. पहिली ट्राय झाली तेव्हा फेस्टीच्या तोंडाला कुलूप होतं, पण बूट जमिनीवर आपटत होता. दुसरी झाली तेव्हा त्याने डेलियाचा हात धरला. डेलियाच्या हातात चहाची किटली होती, तिने ती दुसऱ्या हाताने खाली ठेवली. सबीना एकटी पडली होती. ती पुटपुटत जपमाळ ओढायला लागली आणि शिनेडने तिला इंग्रजांसाठी देवाला त्रास देऊ नकोस म्हणून सुनावलं. ती म्हणाली, मी कुणासाठी जपते ते माझं मी बघेन. शेवटची काही मिनिटं उरली असताना निळे दोन गुणांनी पुढे गेले, आणि फेस्टीने स्वतःची टोपी तोंडात धरली.

आणि मग, अगदी शेवटी, पंचाने इंग्रजांना पेनल्टी दिली, म्हणजे तीन गुणांची किक. खांबांच्या अगदी समोर नव्हती, पण फार कठीणही नव्हती. चेंडू आत गेला असता तर कप इंग्लंडला, युरोपातली जागा दुसऱ्याच कुणाला तरी आणि रोनन बॅलिनस्लोला. एक निळा गडी पाय धरून पडला होता, त्याच्यावर उपचार चालले होते आणि किक मारणारा कमरेवर हात ठेवून वाट बघत होता.

खोली आपोआप चिडीचूप झाली. कुणाला सांगावं लागलं नाही. या घरात टीव्हीवरच्या किकलाही कुणी बोलत नसे, फेस्टीच्या बापाच्या काळात तर रेडिओवरच्या किकलाही नसे. अंगणातून फक्त किल्ल्याच्या पंख्याचा आवाज येत होता. मेव्ह धावत आत आली आणि सगळ्यांचे चेहरे बघून दारातच थबकली.

"ह्यूगो," फेस्टी म्हणाला.

सगळ्यांच्या माना वळल्या. नाताळनंतर त्या घरात ते नाव त्या तोंडून आलं नव्हतं.

"तुझा फोन काढ."

ह्यूगोच्या चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं. "बंद आहे, मिस्टर मॅनियन. नाताळपासून तुमच्या फाटकातच बंद करतो मी तो. शप्पथ."

 पाच महिने हा माणूस आपल्या फाटकात उभा राहून फोन बंद करत होता आणि आपण त्याला मटणाबद्दल बायकोकरवी विचारत होतो, हे फेस्टीच्या मनाला चांगलंच लागलं.

"चालू कर," तो मऊ आवाजात म्हणाला. "बदकं आहेत ना अजून?"

"आहेत. मेव्हनं लावलीत, काढायचं जिवावर आलं."

"डेलिया, याचा नंबर पाठ आहे तुला?"

डेलिया आधीच हॉलमधल्या फोनकडे निघाली होती.

"फेस्टी मॅनियन," सबीना कुजबुजली, आणि तिचा आवाज खरोखर हादरलेला होता, "किकच्या वेळी? बापाच्या घरात?"

"बापानं नियम केला तो समोर उभ्या असलेल्या माणसासाठी. हा कार्डिफला आहे."

कार्डिफमधल्या माणसाला अ‍ॅथेनरायमधली बदकं ऐकू जात नाहीत, हे फेस्टीला कळत नव्हतं असं नाही. पण नाताळात बिघडलेलं काहीतरी दुरुस्त करायला त्या खोलीत दुसरं कुठलंच हत्यार नव्हतं.  माणसांच्या जबड्यात सुई घालताना न चुकणारे ह्यूगोचे हात, पण फोन उघडायचा साधा आकडा त्यांनी दोनदा चुकवला.

"मेव्हचा वाढदिवस, ह्यूगो," शिनेड दातओठ खात म्हणाली.

पडलेला गडी उठला. किक मारणाऱ्याने चेंडू ठेवला, मागे सरकला, खांबांकडे पाहिलं. फोनचा पडदा उजळला. हॉलमध्ये डेलिया एकेक आकडा दाबत होती. इंग्रजाने पहिलं पाऊल टाकलं आणि ह्यूगोच्या उंच धरलेल्या हातात बदकं ओरडायला लागली, क्वॅक क्वॅक, नाताळात ओरडली होती तश्शीच, कम्युनियनचा पाहुणाच काय, शेजारचाही ऐकेल अशी.

चेंडू वर गेला, सरळ गेला, आणि मग जरासा, अगदी जरासा, उजवीकडे कलला. खांबाच्या बाहेरून गेला.

नंतर कोण काय बोललं ते कुणालाच धड सांगता आलं नाही. एवढं मात्र सगळ्यांनी ऐकलं, की पहिला आवाज फेस्टीचा होता आणि तो "शाबास निळ्यांनो" असा होता. शपथ मोडली ती साऱ्या घरादेखत, खिडकी उघडी असताना. रोननने बापाला स्टुलासकट उचलायचा प्रयत्न केला. शिनेड नवऱ्याच्या गळ्यात पडली, मग भावाच्या, मग चुकून आत्याच्या. सबीना जपमाळ डोळ्यांना लावून रडत होती.

"मी रोननसाठी जपत होते," ती सगळ्यांना बजावत होती. "त्या निळ्यांसाठी नाही. लिमरिकला कुणी विचारलं तर असंच सांगायचं."

हॉलमध्ये डेलिया अजून फोन कानाला लावून उभी होती. बदकं अजून ओरडत होती. कुणीतरी तिला सांगितलं, तेव्हा तिने फोन ठेवला आणि पहिल्यांदा खुर्चीवर बसून चहा स्वतःसाठी ओतला.

रोनन बापासमोर येऊन उभा राहिला. "सोमवारी शाळेला काय सांगू?"

"सांग, एक वर्ष थांबा म्हणावं, आमचा पोरगा टुलूझला चाललाय." फेस्टी म्हणाला.

मग पॅव्हलोव्हा केक कापला गेला. फेस्टीने पहिला तुकडा ताटलीत घेतला आणि ती थेट जावयाच्या हातात दिली. मध्ये डेलिया नव्हती, त्यामुळे दोघांनाही काही क्षण अवघडल्यासारखं झालं.

"नाताळात सामन्याला येशील ना?" फेस्टीने विचारलं. "तुमची माणसं येतायत पुन्हा गॉलवेला."

"येईन, फेस्टी," ह्यूगो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं. "फोन घरी ठेवून येईन. शब्द देतो."

"अजिबात नाही," फेस्टी म्हणाला. "घेऊन यायचा. तुमचा माणूस किक मारायला उभा राहिला की डेलिया लावेल."